शस्त्र, हेतू आणि परवाना

दिनांक ११ डिसेंबर २००७ रोजी दिल्लीला लागून असलेल्या गुरगाव येथील एका खासगी शाळेत आठवीत शिकणाऱ्या दोन मुलांनी आपल्या एका शाळासोबत्यावर पिस्तुलाच्या गोळ्या झाडल्या आणि तो चौदा वर्षांचा मुलगा मरण पावला. १९९९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील कोलंबाइन येथे दोन विद्यार्थ्यांनी बारा सोबत्यांचा व एका शिक्षकाचा बळी घेतला होता. तेव्हापासून शाळेतील गोळीबार म्हटला की तो दूरदेशीचा, संपन्न समाजाच्या रोगाचा एक प्रकार, अशी आपल्याकडील सुशिक्षितांची समजूत होती. गुरगावच्या घटनेत मृतांची संख्या एक होती; परंतु ती समजूत एका दुपारीत मोडून पडली आणि दिल्लीच्या परिसरात कित्येक दिवस दुसरा विषय उरला नाही.

त्या चर्चेकडे आज मागे वळून पाहिले तर तिचे दोन प्रवाह स्पष्ट दिसतात. पहिला प्रवाह हेतूचा : या कोवळ्या मुलांनी असे का केले? दुसरा प्रवाह शस्त्राचा : त्यांच्या हाती पिस्तूल आले कोठून? यांपैकी पहिला प्रवाह दुथडी भरून वाहिला. दुसरा मात्र लवकरच आटला. असे का व्हावे, आणि तसे झाल्याने काय गमावले जाते, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

हेतूविषयी जे बोलले गेले ते थोडक्यात असे. मृत मुलगा आपल्याला दमदाटी करीत असे, असे त्या दोघांनी सांगितल्याचे पोलिसांच्या हवाल्याने प्रसिद्ध झाले. कोणी चित्रपटांना दोष दिला, कोणी दूरचित्रवाणीला, कोणी संगणकावरील हाणामारीच्या खेळांना. आईबापांना मुलांसाठी वेळ उरलेला नाही, असे कोणी म्हणाले. शेतजमिनी विकून एकाएकी हाती आलेल्या पैशाने गुरगावची घडी विस्कटली आहे, असेही निदान झाले. या प्रत्येक म्हणण्यात सत्याचा काही अंश असेल. परंतु एक गोष्ट त्या गदारोळात फारशी कोणाच्या ध्यानी आली नाही. दमदाटीची कथा जसजशी रंगत गेली, तसतसा मेलेला मुलगाच जणू आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. त्याला उत्तर द्यावयास वाचा नव्हती. मारणाऱ्या मुलांची नावे कायद्याने प्रसिद्ध करता येत नाहीत आणि ते योग्यच आहे. मृताच्या लौकिकाला मात्र असे कोणतेही संरक्षण नव्हते.

हेतूचा शोध हा मुळात अवघड शोध आहे. मनुष्याचे मन दुसऱ्याला दिसत नाही आणि पुष्कळदा ते त्याचे त्यालाही दिसत नाही. १ ऑक्टोबर २०१७ रोजी अमेरिकेतील लास वेगास शहरी एका माणसाने हॉटेलच्या बत्तिसाव्या मजल्यावरून संगीताच्या कार्यक्रमास जमलेल्या समुदायावर गोळ्यांचा वर्षाव केला. त्यात त्या वेळी अठ्ठावन्न माणसे मेली. पुढे जखमी दोघे दगावल्याने ती संख्या साठ धरली जाते. त्या देशाच्या केंद्रीय तपास यंत्रणेने वर्षाहून अधिक काळ शोध घेतला आणि २०१९ मध्ये असा निष्कर्ष जाहीर केला की, या कृत्यामागे एखादा स्पष्ट असा हेतू सापडत नाही. हेतू सापडला नाही. परंतु त्याच्या खोलीत किती बंदुका होत्या, त्या कोठून विकत घेतल्या, आणि कोणत्या जोडणीमुळे त्या यंत्रासारख्या भराभर चालल्या, हे मात्र अल्पावधीतच समजले होते.

याच्या उलट कधी कधी हेतू इतका उघडा असतो की त्याची लाज वाटावी. १९९९ च्या एप्रिलअखेरीस दक्षिण दिल्लीतील एका उपाहारगृहात जेसिका लाल या तरुणीला गोळी घालण्यात आली. कारण एवढेच की, वेळ संपल्यावर तिने मद्य देण्याचे नाकारले. २००६ च्या फेब्रुवारीत आरोपी निर्दोष सुटले तेव्हा देशभर संताप उसळला. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने मुख्य आरोपीला दोषी ठरविले आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. साक्षीदार फिरले कसे, पैसा आणि वशिला न्यायाच्या आड आला कसा, यांची चर्चा झाली आणि ती व्हावयासच हवी होती. परंतु मेजवानीला जाताना एक तरुण खिशात पिस्तूल घेऊन का जातो, हा प्रश्न त्या मानाने मागे पडला. नकाराचा राग येणारे पुष्कळ असतात. रागाचा तो क्षण शस्त्रावाचून आला असता तर त्याचा शेवट शिवीगाळीत झाला असता, फार तर धक्काबुक्कीत झाला असता.

याचा अर्थ हेतूचा विचारच करू नये असा नाही. ३१ जुलै २०२३ रोजी जयपूर-मुंबई गाडीत, पालघर जिल्ह्यातून ती धावत असता, रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने आपल्या वरिष्ठाला आणि तीन प्रवाशांना सरकारी बंदुकीने ठार केल्याचा आरोप आहे. तेथेही दोन तट पडले. एक तट म्हणाला, हा मनोविकाराचा झटका. दुसरा म्हणाला, हा धर्मद्वेष. पोलिसांनी खुनाच्या कलमाबरोबर धार्मिक तेढ वाढविण्याचे कलमही आरोपपत्रात लावले. अशा प्रकरणी हेतूचा निवाडा झालाच पाहिजे. कारण अपराध एका माणसाविरुद्ध आहे की एका समाजाविरुद्ध, यावर न्यायाचे स्वरूप अवलंबून असते. मात्र तो निवाडा साक्षीपुराव्याने न्यायासनापुढे व्हावयाचा असतो. चव्हाट्यावरील तर्काला त्याची जागा घेता येत नाही. आणि तो निवाडा व्हावयाचा तेव्हा होवो, बंदूक ज्याच्या हाती सोपविली त्याची मनःस्थिती वेळोवेळी कोणी पाहात होते काय, हा प्रश्न त्यासाठी थांबून राहात नाही.

आता दुसऱ्या प्रवाहाकडे वळू. गुरगावच्या त्या पिस्तुलाची हकीकत साधी होती. ते एका मुलाच्या वडिलांचे होते आणि त्याला रीतसर परवाना होता. म्हणजे ज्या वस्तूने तो मुलगा मेला, त्या वस्तूची नोंद सरकारच्या दप्तरात होती. त्या परवान्यासाठी कोणी अर्ज केला होता, कोणी चौकशी केली होती, कोणी शिक्का उठविला होता. कायद्याचा हात जेथवर पोहोचू शकतो, त्या मर्यादेच्या आतच ते शस्त्र होते. तरीही चर्चा चित्रपटांकडे आणि संगणकाच्या खेळांकडे गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा प्रकार.

भारतात शस्त्रकायद्याविषयी बोलताना एक अवघडलेपण येते. त्याला इतिहासाचे कारण आहे. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत १८७८ साली जो शस्त्रकायदा झाला, त्याने भारतीयाला परवान्यावाचून शस्त्र बाळगण्याची बंदी केली आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. जित समाजाला निःशस्त्र करणारा आणि त्याच्या इमानाविषयी संशय घेणारा तो कायदा होता. म्हणून काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांपासून त्याविरुद्ध ठराव होत राहिले. अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधीजींनीही त्या कायद्याला कठोर शब्दांत दोष दिला होता. १९३१ च्या कराची ठरावात, नियम व बंधने राखून, शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाच्या मूलभूत हक्कांत गणला गेला. दसऱ्याला शस्त्रपूजा करणाऱ्या महाराष्ट्रासारख्या प्रांतात ही भावना किती खोल असेल, हे सांगावयास नको.

हाच प्रश्न १९४८ च्या डिसेंबरात दिल्लीत संविधान सभेपुढे आला. हरि विष्णु कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा, अशी दुरुस्ती सुचविली. त्याच वर्षी ३० जानेवारीला त्याच शहरात, बिर्ला भवनाच्या हिरवळीवर, ग्वाल्हेरहून मिळविलेल्या पिस्तुलाने गांधीजींची हत्या झाली होती. दुरुस्तीला उत्तर देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी असा मुद्दा मांडला की, राज्याची कोणतीही आडकाठी नसता प्रत्येकाला बाजारात जाऊन प्रहाराची साधने विकत घेण्याचा हक्क असेल, तर राज्यकारभार चालणार कसा? ती दुरुस्ती फेटाळली गेली. संविधानाने शांततेने व शस्त्राविना एकत्र जमण्याचा हक्क दिला. शीख बांधवांच्या कृपाणाचा स्वतंत्र उल्लेख करून त्यास संरक्षण दिले. आणि शस्त्रे, बंदुका व दारूगोळा हा विषय संघसूचीत ठेवला. अमेरिकेच्या घटनेत जो हक्क १७९१ पासून आहे, तो भारताने विचारपूर्वक स्वीकारला नाही. या देशात शस्त्र ही परवान्याने मिळणारी मुभा आहे. आणि जी मुभा राज्य देते, तिच्या परिणामांचे उत्तरदायित्व राज्याला टाळता येत नाही.

स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ साली संमत झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. परक्या सरकारचा संशय त्यातून काढून टाकण्याचा प्रयत्न होता. तलवारीसारख्या हत्यारांना सर्वत्र परवान्याची अट राहिली नाही. बंदुकीला मात्र राहिली. १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनच बंदुका बाळगता येतील, अशी मर्यादा घातली. अर्जदाराची चौकशी, त्याच्या गरजेचे कारण, त्याचा पूर्वेतिहास, ही सारी व्यवस्था त्यात आहे. सर्वसाधारणपणे एकवीस वर्षांखालील व्यक्तीने बंदूक बाळगू नये, असेही त्यात सांगितले आहे. अपवाद नेमबाजीच्या शिक्षणापुरता. असे असता चौदा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात पिस्तूल येते, याचा अर्थ एवढाच की, कायद्याने परवानाधारकाची पारख केली, परंतु त्याच्या घरातील कपाटाची केली नाही.

परवान्याच्या अटीचा भंग झाला आणि त्यासाठी दुसरे कलम लागू होत नसले, तर सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा या अधिनियमात ठेविली होती. माकडाच्या हाती कोलीत देऊ नये, ही शहाणपणाची गोष्ट आपल्या भाषेला केव्हापासून ठाऊक आहे. परंतु कोलीत उघड्यावर ठेवणाऱ्याचा अपराध किती मोठा, याचा हिशेब कायद्याने फार हलक्या हाताने केला.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो बिनबुडाचा नाही. या देशात बंदुकीने होणाऱ्या खुनांपैकी बहुतेक खून विनापरवाना शस्त्रांनी होतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांवरून दिसते. बिहारमधील मुंगेरचे चोरटे कारखाने, मेरठच्या बाजूने दिल्लीत येणारे देशी कट्टे, जळगाव जिल्ह्याच्या सीमेपलीकडून महाराष्ट्रात उतरणारी गावठी पिस्तुले, यांना परवान्याचे कोणते बंधन आहे? मग अर्ज करून, चौकशीला तोंड देऊन, शुल्क भरून शस्त्र घेणाऱ्या नागरिकालाच का छळावे? हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. ज्याचे शेत गावाबाहेर आहे, ज्याला रात्री रोकड घेऊन जावे लागते, ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे, अशा माणसाची ही तक्रार सहानुभूतीने ऐकली पाहिजे. चोरट्या शस्त्रांचा बंदोबस्त हे पोलिसांचे पहिले काम आहे, यातही वाद नाही.

परंतु या आक्षेपाने गुरगावच्या मुलाचे उत्तर मिळत नाही. तेथे कट्टा नव्हता आणि मुंगेरही नव्हते. सुखवस्तू घरातील आठवीतला मुलगा चोरबाजाराचा रस्ता कसा शोधणार? त्याला फक्त घरातील कपाट ठाऊक होते. मुलाच्या हातून होणारा खून, पतिपत्नीच्या भांडणातील खून, आत्महत्येच्या विचाराने क्षणभर घेरलेल्याचा मृत्यू, लग्नाच्या वरातीत हवेत झाडलेल्या गोळीने गच्चीवरच्या बाईचा गेलेला जीव, या साऱ्यांत घरातल्याच शस्त्राचा प्रश्न येतो. दरोडेखोराच्या शस्त्राविषयीचा कायदा वेगळा असावा आणि सज्जनाच्या शस्त्राविषयीचा वेगळा, हे मान्य. पण सज्जनाच्या घरातील शस्त्र आपोआप सज्जन होत नाही.

परदेशांनी या बाबतीत काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. १३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधील डनब्लेन येथे एका माणसाने शाळेत शिरून सोळा मुले आणि एक शिक्षिका यांना ठार केले व नंतर स्वतःला संपविले. त्याच्या हेतूवर बरेच लिहिले गेले. परंतु लॉर्ड कलन यांच्या चौकशीत एक निराळीच गोष्ट ठळक झाली. त्या माणसाची पिस्तुले परवान्याची होती. आणि १९९१ सालीच एका पोलिस अधिकाऱ्याने, हा मनुष्य शस्त्र बाळगण्यास योग्य नाही, असे वरिष्ठांना लिहून कळविले होते. त्या लेखावर कारवाई झाली नाही. पाच वर्षे तो कागद दप्तरात राहिला. १९९७ मध्ये ब्रिटनने खासगी पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. पण कागद वेळीच वाचला गेला असता तर काय झाले असते, हा प्रश्न कोणत्याही बंदीने पुसला गेला नाही. डनब्लेननंतर दीडच महिन्याने, २८ एप्रिल १९९६ रोजी, ऑस्ट्रेलियातील पोर्ट आर्थर येथे पस्तीस माणसे मारली गेली. बाराच दिवसांत तेथील केंद्र व राज्ये यांचा शस्त्रकरार झाला. सुमारे साडेसहा लाख बंदुका सरकारने मोबदला देऊन परत घेतल्या. त्या करारातील दोन कलमे लक्षात ठेवण्याजोगी आहेत : शस्त्र घेण्यास खरे कारण दाखविले पाहिजे, आणि घेतलेले शस्त्र कुलपात राहिले पाहिजे. हत्या करणाऱ्याच्या मनाचा ठाव लागण्याची वाट त्यासाठी कोणी पाहिली नाही.

भारतातही पावले पडली नाहीत असे नाही. देशभरातील शस्त्रपरवान्यांची एकत्रित नोंद सुरू झाली. दिल्लीच्या परिसरास तिची विशेष गरज होती. कारण परवाना एका राज्याचा, घर दुसऱ्यात आणि व्यवसाय तिसऱ्यात, अशी तेथील माणसाची रीत आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी अर्जदाराला शस्त्र हाताळण्याचे शिक्षण, शारीरिक व मानसिक आरोग्याचा दाखला आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी या गोष्टी सांगितल्या. २०१९ च्या डिसेंबरात संसदेने अधिनियमात दुरुस्ती केली. एका व्यक्तीस एकच बंदूक असावी, असा मूळ प्रस्ताव होता. विरोध झाल्यावर ती मर्यादा दोनवर आली. आनंदोत्सवात बेदरकारपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली.

या शेवटच्या फेरफाराकडे थोडे लक्ष द्यावे. परवान्याचे नूतनीकरण म्हणजे नागरिकाला घालावयास लावलेला एक निरर्थक हेलपाटा, असे मानले तर मुदतवाढ ही सोयच आहे. परंतु नूतनीकरण हा शस्त्र आणि राज्य यांच्या भेटीचा दिवस आहे, असे मानले तर ती भेट आता अधिक विरळ झाली. पाच वर्षांत नऊ वर्षांचे मूल चौदा वर्षांचे होते. पाच वर्षांत धंदा बुडतो, घर फुटते, मद्याची सवय जडते, मनाचा तोल जातो. परवाना देताना ज्या माणसाची चौकशी झाली, तोच माणूस नूतनीकरणाला येतो असे नाही. नाव तेवढे तेच असते. म्हणून त्या दिवशी शुल्काची पावती पाहून शिक्का मारण्यापेक्षा चार प्रश्न विचारले जाणे अधिक मोलाचे. शस्त्र कोठे ठेवता? काडतुसे वेगळी ठेवता काय? घरात मुले किती वर्षांची आहेत? किल्ली कोणाकोणाला ठाऊक आहे? या प्रश्नांना नवा अधिनियम लागत नाही, मोठा खर्चही लागत नाही. लागते ती विचारणाऱ्याची चिकाटी, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर वशिल्याला न जुमानता परवाना थांबविण्याचे धैर्य. डनब्लेनच्या त्या अधिकाऱ्याने आपले काम केले होते. कमी पडले ते त्याच्या वरचे.

आणि सारे काम सरकारवर टाकूनही चालणार नाही. दिल्लीच्या आसपासच्या भागात, आणि आता महाराष्ट्रातील काही शहरांतही, कमरेला पिस्तूल असणे हे प्रतिष्ठेचे चिन्ह होऊ पाहात आहे. लग्नाच्या मंडपात ते मिरवले जाते, मुलांच्या देखत ते काढून दाखविले जाते. ज्या घरात शस्त्र हा कौतुकाचा विषय असतो, तेथे मूल ते कौतुक शिकते. त्यामागची जबाबदारी त्याला कोणी शिकवीत नाही. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या परवान्याच्या सक्तीतून सूट असलेली कुटुंबे आहेत. तेथे शस्त्राची पूजा होते आणि त्याभोवती रूढीचे वळणही असते. अशी वळणे कायद्याने एका रात्रीत निर्माण होत नाहीत. नव्याने शस्त्र घेणाऱ्या शहरी कुटुंबाला ती स्वतःच घालून घ्यावी लागतात. आणि तसे जमत नसेल तर शस्त्र घरात न आणणे हाच त्या कुटुंबाचा खरा बचाव होय.

पुन्हा कोठे अशी घटना घडली तर लोक हेतूविषयी बोलतील, हे स्वाभाविक आहे. दुःखाला कारण हवे असते. परंतु त्या मुलांच्या मनात काय होते, याचे उत्तर बाल न्याय मंडळाने, मानसतज्ज्ञाने आणि काळाने द्यावयाचे आहे. आणि ते मिळेलच अशी शाश्वती नाही. पिस्तूल कोणाचे होते, ते कोठे ठेवले होते आणि किल्ली कोठे होती, या प्रश्नांची उत्तरे मात्र गोळी सुटण्याच्या कितीतरी आधी उपलब्ध असतात. ती विचारण्याचा अधिकार परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला आहे, शाळेच्या पालकसभेला आहे, घरातील आईला आहे आणि शेजाऱ्यालाही आहे. गुरगावच्या त्या घरी २००७ च्या डिसेंबरापूर्वी हे प्रश्न कोणी विचारले असते तर एक मुलगा त्या दुपारी घरी परतला असता, आणि आणखी दोन मुले आपल्या आईबापांपाशी राहिली असती.